खालच्या शेताचे वारस

"पणजोबांचं नाव?" कारकुनानं तिसऱ्यांदा विचारलं.

आमचे हे टेबलाच्या कडेवर बोटानं रेघा ओढत उभे. माणूस दिवसभर उन्हात विळा चालवील, पण कुणी खुर्चीत बसून प्रश्न विचारला की तोंडाला कुलूप. शेवटी मीच म्हटलं, "त्यांना सगळे थोरले म्हणायचे."

"आजोबांचं?"

"मुका."

"बाई, मी नाव विचारतोय. दुखणं नाही विचारत."

रांगेत मागं उभे होते ते खीखी करून हसले. यांचे कान लाल झाले. मला असा राग आला की त्या हसणाऱ्यांकडे वळून म्हणावं, तुमच्या पणजोबांची नावं सांगा बघू घडाघडा. पण काम आपलं होतं, म्हणून गप्प बसले.

झालं होतं असं. नवी मोजणी झाली आणि त्यात निघालं, की आमचं खालचं शेत, ओढ्याकडचं, अजून एका भलत्याच माणसाच्या नावावर आहे. आडनाव आमचंच. पण ते नाव घरात कुणी कधी ऐकलेलं नाही. वरचं शेत सासऱ्यांनी स्वतः घेतलेलं, त्याचा प्रश्न नव्हता. पण वरच्यात हातभर खाली खडक लागतो. घर चालतं ते खालच्यावर. नोटिशीत लिहिलं होतं, की या माणसाचे वारस असाल तर महिन्याच्या आत कागदानिशी दाखवा, नाहीतर शेत सरकारजमा.

"आडनाव तर जुळतंय ना?" मी विचारलं.

"आडनावावर ओळख निघते बाई, शेत नाही निघत," कारकून नाक पुसत म्हणाला. सर्दीनं बेजार झाला होता बिचारा. "हे बघा. तुमच्या सासऱ्यांचा शाळेचा दाखला. वडिलांचे नाव, मुका. असं नाव असतं का कुठं?"

ते मला ठाऊक होतं. सासरे पहिल्या दिवशी शाळेत गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, कुणाचा रे तू? पोर म्हणालं, मुक्याचा. मास्तर नवे, पोचवायला गेलेला गडी घाईत, दिलं लिहून. घरातल्या कुणालाच त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. पुढं सासऱ्यांच्या सगळ्या कागदांवर तेच चढत गेलं. आमच्या घराण्याची ही तऱ्हाच आहे. प्रत्येकाला टोपणनाव, आणि माणूस गेला की खरं नाव त्याच्याबरोबर जातं.

"एकवीस दिवस आहेत," कारकून म्हणाला. "बघा कुठं काही मिळतंय का."

बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "गहू तरी कापून घेऊ."

गहू अगदी पिकून उभा होता. दाणा दाताखाली कटकन फुटायचा. आम्ही दोघं कापत पुढं जायचो आणि सासूबाई मागून पेंढ्या बांधत यायच्या. पंचाहत्तरी उलटली तरी बाईची बोटं अजून सुतासारखी सरळ चालतात. आमच्या घरची पेंढी लांबून ओळखू येते. बाकीचे बंध उजवीकडे पिळतात आणि गाठ वर ठेवतात. आमच्याकडे डावीकडे पीळ देऊन टोक खालून आत खुपसतात. मी नवी आले तेव्हा ही गाठ बसायला मला चार दिवस लागले होते. सासूबाई माझी पेंढी सोडून माझ्यापुढंच टाकायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा बांध."

दुपारी बांधावर पाणी पिताना मी विषय काढला.

"आई, ते आजेसासरे खरंच मुके होते का हो?"

"मुके कसले. खोकायचे, शिंकायचे. पण शब्द नाही. पाणी पाहिजे असलं की हात वर. नको असलं की हात आडवा. मी लग्न होऊन आले ती त्यांची शेवटची पाच वर्षं. मला त्यांनी कधी सूनबाई म्हणून हाकसुद्धा मारली नाही."

"एक शब्द नाही?"

"झोपेत बोलायचे." सासूबाईंनी मानेवरचं कुसळ काढलं. "दुपारी ओट्यावर डोळा लागला की ओरडायचे, धाकट्या, धाकट्या. मला वाटायचं, धाकट्या मुलाला बोलावताहेत."

"त्यांना तर एकच मुलगा होता. तुमचेच हे."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, खरंच की," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षांत माझ्या डोक्यात नाही आलं."

मी कपाळावर हात मारला. पण भुंगा लागला तो लागलाच. आमची लेक दूर नर्सिंगला आहे. तिला फोन करून सगळं सांगितलं. तिच्या फोनवर आमच्या आडनावाच्या लोकांचा एक ग्रुप होता. कुठले कुठले लोक, सकाळी उठून एकमेकांना फुलांची चित्रं पाठवण्यापलीकडे त्यांचा उद्योग नाही. लेकीनं नोटिशीवरचं ते नाव तिथं टाकलं. तिसऱ्या दिवशी मी पाठ शेकत बसले होते, तेव्हा एका औषधाच्या दुकानदाराचा फोन आला.

"तुमच्याकडून निघालेली एक फांदी माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "खोड सापडत नव्हतं. तुम्ही खोड दिसता. या एकदा."

मी आजवर बरंच काही ऐकून घेतलंय, पण खोड पहिल्यांदाच.

अर्धा गहू उभा ठेवून गेलो. साडेतीन तासांची बस. यांनी खिडकीतून सगळ्या वाटेवर लोकांचे गहू बघितले, कुणाचा कापून झाला, कुणाचा राहिला. औषधवाला साठीचा, टक्कल पडलेला, उत्साही गृहस्थ. गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली देता देता त्यानं टेबलाखालून जुन्या कॅलेंडरांची भेंडोळी काढली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आमच्या आडनावाची माणसं, रेघा मारून एकाखाली एक. चौदा वर्षं तो हे करत होता. "बायको म्हणते, जिवंत नातेवाइकांशी बोलत नाही आणि मेलेल्यांना शोधतो," तो म्हणाला आणि खळखळून हसला.

मग त्यानं एका कागदावर बोट ठेवलं. वर नोटिशीतलं नाव. अगदी तेच. त्याच्याखाली दोन रेघा. एका रेघेखाली एक नाव, आणि त्याच्याखाली त्याची मुलगी. दुसऱ्या रेघेखाली नुसतं प्रश्नचिन्ह.

"हे प्रश्नचिन्ह म्हणजे तुम्ही," तो म्हणाला.

यांनी त्या प्रश्नचिन्हाकडे बराच वेळ बघितलं.

ती मुलगी म्हणजे आता सहासष्ट वर्षांची बाई. शिवणकाम करते, एकटीच असते, दोन गल्ल्या सोडून राहते. औषधवाल्यानं पत्ता दिला. गल्लीत वळल्याबरोबर मी यांचा हात धरून थांबवलं.

"अहो, नीट ऐका. ज्याचं नाव शेतावर आहे, तो हिचाही आजोबा निघाला. म्हणजे ही वारस ठरली तर अर्धं शेत हिचं."

"हं."

"हं काय? हिला साक्षीदार म्हणून न्यायचं. वारस हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"नाही काढत."

"तुम्ही काय काढणार म्हणा," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्या बाईची नुसती भीती वाटत होती. तोंडही बघितलं नव्हतं, तरी ती माझ्या ताटातला घास उचलायला बसलीय असं वाटत होतं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची खोली. जिना इतका अरुंद की हे आडवे होऊन चढले. शिवणाचं मशीन खिडकीशी, जमिनीवर कापडांचे तुकडे, आणि मध्ये ती. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढल्या आणि बोलायला लागली, ती थांबायचं नाव नाही. या, बसा, त्या कापडावर नको, ते गिऱ्हाइकाचं आहे, चहा घेणार ना, साखर कमी आहे, चालेल ना, माझ्या वडिलांच्या गावाहून कुणी येईल असं मला स्वप्नात वाटलं नव्हतं. मला थोडं बरं वाटलं. बोलक्या माणसाचा अंदाज तरी येतो.

"तुमच्या वडिलांना भाऊ होता?" मी विचारलं.

"होता की. थोरला. भारी बोलका. वडील सांगायचे, नांगर धरला की गाणं, नांगर ठेवला की गप्पा. बैलसुद्धा कंटाळून खाली बसायचे म्हणे. अख्ख्या गावात तेवढा बडबड्या माणूस नव्हता."

हे उठले. "चला," मला म्हणाले. "हे आपले नव्हेत."

सगळं जुळत आलं होतं, आणि माणूसच दुसरा निघाला. आमचा मुका, हिचा बडबड्या. मी पिशवी उचलली. "माफ करा हं," मी म्हटलं, "उगाच तुमचा वेळ घेतला. आमच्या आजेसासऱ्यांना तोंडातून शब्द फुटत नव्हता."

"असं होय," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला. काहीतरी करायला पाहिजे म्हणून ती शिवून झालेले कपडे एकत्र करायला लागली. गठ्ठा केला, भोवती कापडाची पट्टी घेतली, डावीकडे पीळ दिला आणि टोक खालून आत खुपसलं.

हे दारातून परत आले आणि गठ्ठ्याशी उकिडवे बसले.

"ही गाठ कुणी शिकवली?"

"वडिलांनी. ते लाकडाच्या वखारीत होते. फळ्या अशाच बांधायचे. मालक ओरडायचा, कारण दुसऱ्या कुणाला ती सोडता यायची नाही. का हो?"

यांनी गाठीवर अंगठा दाबून टोक बाहेर काढलं. गाठ एका झटक्यात सुटली. मग पट्टी पुन्हा गुंडाळून, पीळ देऊन, टोक आत घालून त्यांनी गठ्ठा तिच्यापुढं सरकवला. तिनं त्या गाठीवरून बोट फिरवलं.

मग तिनं सांगितलं. कापणी चालू होती. कशावरून तरी दोघा भावांचं लागलं. कशावरून ते तिलाही माहीत नव्हतं, वडील कधी सांगत नसत. बोलणाऱ्याचं असतंच तसं, जीभ पुढं आणि डोकं मागं. सगळ्या कापणाऱ्यांसमोर थोरला म्हणाला, तू या घरचा नाहीस, चालता हो. धाकट्यानं विळा तिथंच ठेवला आणि चालता झाला, तो कायमचाच.

"त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही," मी म्हटलं. मला एकदम सगळं दिसलं. "फक्त झोपेत हाक मारायचे. धाकट्या, धाकट्या म्हणून. आमच्या सासूबाईंनी ऐकलंय."

तिनं टेपचं टोक मुठीत आवळलं. "वडील म्हणायचे, तो मजेत असेल, सगळ्यांना गोष्टी सांगत बसला असेल," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडले. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

डोळे पुसून तिनं कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात वडिलांचं वखारीतलं ओळखपत्र, आणि एक पोस्टकार्ड. घरच्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, कारण अक्षर वळणदार आणि खाली सही मात्र वाकडीतिकडी. तुला पुतण्या झाला. नाव अमुक ठेवलं. ते नाव माझ्या सासऱ्यांचं. खाली आजेसासऱ्यांची सही, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, तेच नोटिशीतलं, आडनाव, सगळं पूर्ण. सहीच्या वर त्याच वाकड्या अक्षरात एकच शब्द होता, ये.

"वडील गेले नाहीत," ती म्हणाली. "उत्तरही नाही पाठवलं. पण टाकून नाही दिलं."

हाच कागद आम्हाला हवा होता. शेत वाचलं, हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याच दमात मी म्हटलं, "आत्या, तुम्ही साक्षीदार म्हणून याल का? हे कार्ड तुमच्या घरचं आहे, एवढं सांगायला?"

"येईन की. कुठं सही करायची ते सांग." तिनं दुसरं काही विचारलं नाही. तेवढ्यानंच मला माझी लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी काही बोलले असं नाही.

मुदत संपायच्या चार दिवस आधी ती आली, कचेरीच्या आदल्या दिवशी. सासूबाईंनी "या वन्सं" म्हटलं आणि तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. चहा पिऊन होतोय न होतोय तोच ती म्हणाली, शेत दाखवा. खालच्या शेतात दोन वाफ्यांचा गहू कापायचा राहिला होता. ती बांधावर उभी राहून बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली. "वडील सांगायचे तेव्हा मला वाटायचं, पार आभाळापर्यंत असेल."

विळा तिला धरता येईना. दोन हात मारले आणि करंगळी कापून घेतली. मग पेंढ्या बांधायला बसली. धसकटं टोचून पोटऱ्यांवर रक्ताचे ठिपके आले, कंबर धरली, तरी संध्याकाळपर्यंत उठली नाही. सासूबाईंनी तिची एक पेंढी उचलून उलटीसुलटी करून पाहिली. सोडली नाही, तशीच ढिगावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तोच कारकून. सर्दी गेली होती, आवाज बसला होता. त्यानं पोस्टकार्ड वाचलं, ओळखपत्र वाचलं, शाळेचा दाखला शेजारी ठेवला. "शाब्बास," तो म्हणाला. "मुक्याला नाव मिळालं म्हणायचं." मागं कुणी हसलं नाही.

"आता हे कार्ड कुठून आलं?"

"माझ्याकडचं आहे," आत्या म्हणाली. "मी साक्षीदार."

कारकुनानं पेन थांबवलं. "साक्षीदार नात्यातला चालत नाही. तुम्ही बाहेरच्या असाल तर साक्ष घेतो, शेत पूर्ण यांच्या नावावर होईल. घरच्या असाल तर तुमचं नाव वारसांत येईल. दोन्हीकडचे एकत्र अर्ज देत असतील तर साक्षीदार लागतच नाही. पण मग शेत अर्धं अर्धं. तेव्हा एक काय ते सांगा. या घरच्या, की बाहेरच्या?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे बघत होते. सगळं मीच ठरवलं होतं, आणि ते इतकं सोपं झालं होतं की एका शब्दाचं काम उरलं होतं. तो शब्द मला बोलायचाही नव्हता. आत्याच बोलणार होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, म्हणजे काळजी करू नकोस अशी, आणि पदर सारखा करत कारकुनाला म्हणाली, "मी या घरची ना..."

"गप्प बसा!" मी ओरडले.

अख्खी कचेरी वळून बघायला लागली. शिपायानं टेबलावरचा पेला उचलून धरला, मी फेकीन म्हणून असेल.

"तुमच्या बापाला एकदा सगळ्यांसमोर तसं म्हटलं, तेवढं पुरे झालं," मी म्हटलं. "आता तुम्ही स्वतःच्या तोंडानं म्हणणार? आमच्यासाठी? अहो कारकूनसाहेब, या घरच्या आहेत. आमच्या धाकट्या आजेसासऱ्यांची लेक. लिहा."

"शेत अर्धं होईल, बाई."

"ऐकू आलं मला. लिहा."

"तुम्ही काय म्हणता?" त्यानं यांना विचारलं.

"मी आधीच म्हणणार होतो," हे म्हणाले. हे खरं की खोटं, मी अजून विचारलेलं नाही.

कारकुनानं नवा अर्ज काढला. वारसांच्या रकान्यात दोन नावं लिहिली, एकाखाली एक. आत्यानं सही केली. बोटाला पट्टी होती म्हणून सही वाकडी आली आणि तिला ती पुन्हा करायची होती. कारकून म्हणाला, राहू द्या, वाचता येतेय.

अर्धं शेत गेलं, त्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. जिना उतरताना मनात वाफे मोजले, पेंढ्या मोजल्या, लेकीचं शिक्षण मोजलं. पण छाती मोकळी होती, हेही खरं.

बाहेर पायरीवर आत्या माझ्यावरच भडकली. "वेडी आहेस का गं तू? मी मशीन चालवणारी बाई. शेत काय डोक्यावर घेऊन बसू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. ठेवा, विका, आम्हाला करायला द्या. आमची जबाबदारी तुमचं नाव लावण्याची होती."

"आणि तुमचं कसं भागणार?"

"बघू," मी म्हटलं.

ती पायरीवर बसली. मग तिनं मान वर करून यांना विचारलं, अगदी हळू, लहान पोरीनं विचारावं तसं, "यात माझी बाजू कुठली रे?"

हे डोकं खाजवत तिच्या शेजारी बसले.

"जिकडं तण जास्त आहे, तिकडची," हे म्हणाले.

आत्यानं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. घरच्या माणसालाच घालावा असा, चांगला सणसणीत.